रामलिंगचे रान : बघणे आणि राखणे

येडशी-रामलिंग घाट अभयारण्य धाराशिव जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरात आहे. येरमाळ्याहून सोलापूरच्या दिशेने महामार्गाला लागले की वीसेक किलोमीटरवर येडशी येते आणि तिथून जवळच रामलिंगचा घाट. १९९७ मध्ये जाहीर झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र २२.३७ चौरस किलोमीटर, म्हणजे दोन-तीन गावांच्या शिवाराएवढे. जिल्ह्याच्या एकूण जमिनीत जंगलाचा वाटा एक टक्क्याच्या आसपासच आहे. त्यामुळे आकड्याने लहान दिसणारे हे रान इथल्या माणसांच्या लेखी मोठे आहे. इथे वर्षानुवर्षे गस्त घालणारे वनरक्षक आणि वनमजूर, येरमाळा-बार्शीकडून पक्षी बघायला येणारी हौशी मंडळी, सहली घेऊन येणारे मास्तर, डोंगराच्या कडेला गुरे राखणारे गुराखी, या सगळ्यांच्या अनुभवातून रामलिंगबद्दल जे उमगत गेले ते माहितीफलकावर मावणारे नाही.

पहिली गोष्ट अशी की इथे येणाऱ्यांपैकी फार थोडे लोक रान बघायला येतात. बहुतेक जण देवाला येतात. घाटातल्या ओढ्याकाठी, खोलगट भागात रामलिंगाचे देऊळ आहे. रावणाशी झुंजून पडलेल्या जटायूची आणि रामाची इथे गाठ पडली, त्याच्यासाठी रामाने बाण मारून पाणी काढले, अशी कथा सांगतात. श्रावणातल्या सोमवारी देवळापाशी पाय ठेवायला जागा नसते. येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या यात्रेला आलेली कुटुंबेही परतीच्या वाटेवर रामलिंग करून जातात. अभयारण्याची पाटी त्यांच्या डोळ्यांसमोरून निघून जाते. ती वाचायला थांबलेला माणूस दिसला की वनखात्याच्या माणसाला बरे वाटते, इतकी ती गोष्ट दुर्मीळ.

येरमाळ्याची येडेश्वरी ही तुळजाभवानीची धाकटी बहीण मानली जाते. चैत्र पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी तिची पालखी डोंगरावरून खाली उतरते. वाटेतल्या चुन्याच्या रानात भाविक वाकून चुनखडीचे खडे वेचतात आणि मग पालखी आमराईत मुक्कामाला जाते. रामलिंगची जमीन समजावून सांगणाऱ्यांना हा विधी फार उपयोगी पडतो. यात्रेला येणाऱ्या प्रत्येकाने तो पांढरा, ओबडधोबड खडा हातात घेतलेला असतो. कमी पावसाच्या, कडक उन्हाच्या मुलखात जमिनीत मुरलेले पाणी उन्हाने वर ओढले जाते, उडून जाते आणि त्यात विरघळलेला चुना मागे राहून त्याचे गोळे बनतात. त्या खड्यात या मुलखाचे हवामान साठलेले आहे, असे म्हटले की सहलीतली पोरे लगेच कान टवकारतात. भूगोलाच्या पुस्तकातला ‘अवर्षणप्रवण प्रदेश’ हा शब्द त्यांच्यापर्यंत पोचलेला नसतो, खडा पोचलेला असतो.

बालाघाटाचा हा डोंगर दख्खनच्या काळ्या कातळाचा आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले. त्यातले काही कठीण, काही ठिसूळ. ठिसूळ थर झिजतो, कठीण तसाच राहतो आणि डोंगराला पायऱ्या पडतात. रामलिंगचा पावसाळी धबधबा अशाच एका पायरीवरून पडतो. जुलै-ऑगस्टमध्ये तो बघायला झुंबड उडते. वर माथ्यावर पाऊस झाला की खाली ओढ्याचे पाणी मिनिटांत चढते आणि खाली मात्र ऊन पडलेले असते. हे ठाऊक असलेले माणूस धबधब्याखाली उभ्या पोरांना आधी बाहेर काढते आणि कारण मागून सांगते.

एरवी हे रान कोरडेच. पाऊस सात-आठशे मिलिमीटर, तोही चार महिन्यांत आणि दरवर्षी वेळेवर येईलच असे नाही. माथ्यावर आणि उतारावर धावडा, खैर, पळस, कडुनिंब, बोर, बाभूळ, मधूनच एखादे चंदन, खाली तरवड आणि घाणेरीची दाटी. सीताफळ तर बालाघाटभर आहे, ते कोणी लावावे लागत नाही. धावड्याच्या सालीतून पाझरणारा डिंक थंडीतल्या लाडवांसाठी नावाजलेला. पूर्वी डोंगराकडेच्या घरांतून तो गोळा केला जाई. अभयारण्य झाल्यावर झाडाला खाच मारायलाही बंदी आली आणि हा बदल म्हाताऱ्या माणसांना अजून पचलेला नाही. आपल्या डोंगरातला डिंक बाजारातून विकत आणायचा, ही त्यांची तक्रार. ती खोटी नाही. कायद्याच्या बाजूने बोलणाऱ्याने ती ऐकून घ्यावी लागते, नाहीतर पुढचे बोलणे कोणी ऐकत नाही.

इथे नव्याने काम सुरू करणाऱ्याची आणि पहिल्यांदा रान बघायला आलेल्याची अपेक्षा एकच असते : जनावर दिसावे. ताडोबाची छायाचित्रे डोक्यात असतात. रामलिंगमध्ये दिवसा दिसते ते वानरांचे टोळके, लांबवर पळणारा ससा, मोर, आणि नशीब असले तर घोरपड. बिबट्या, तरस, लांडगा, कोल्हा, साळींदर, रानडुक्कर ही सगळी इथे वावरतात, पण माणसाची चाहूल लागली की बाजूला होतात. म्हणून इथले जुने जाणते लोक समोर बघण्याआधी खाली बघायला शिकवतात. वाटेवरची धूळ, ओढ्याकाठचा गाळ आणि विष्ठा या तीन ठिकाणी रानाची बहुतेक बातमी मिळते.

ठशाचे उदाहरण घ्यावे. कुत्र्याच्या आणि लांडग्याच्या ठशात नखांचे टोक उमटते, बिबट्याच्या ठशात उमटत नाही, कारण मांजरकुळातली जनावरे चालताना नखे आत ओढून घेतात. तळव्याची मागची कड बघितली तर मांजरकुळाच्या ठशात तिथे तीन फुगवटे दिसतात. तरसाला नखे आत घेता येत नाहीत, म्हणून त्याच्या पावलात नखे दिसतात, आणि पुढचे पाऊल मागच्यापेक्षा ठळक मोठे असते. तरसाची विष्ठा वाळल्यावर पांढरी पडते, कारण ते हाडे चावून पचवते आणि त्यातला चुना बाहेर टाकते. पुन्हा चुनाच. एका सहलीत वाळलेल्या पांढऱ्या गोळ्या दाखवून ‘ही काय?’ असे विचारल्यावर येरमाळ्याच्या एका पोराने बिनदिक्कत ‘चुनखडी’ असे उत्तर दिले होते. वर्ग हसला, पण उत्तर अर्धे बरोबर होते.

हे वाचन पुस्तकातून येत नाही असे नव्हे. पुस्तकातून येते, पण सावकाश. गुराख्याला ते लवकर येते, कारण त्याच्या शेळीचा प्रश्न असतो. रामलिंगमध्ये काम केलेल्या अनेकांची समज पालटली ती अशाच एखाद्या गुराख्यामुळे. आपण बिबट्याचा म्हणून मापे घेतलेला ठसा त्याने चप्पल काढून, बोट न लावता बघावा आणि सांगावे की जनावर पहाटे गेले, कारण दव पडल्यानंतर ठसा उमटला आहे, कडा ओल्या असताना दाबल्या गेल्या आहेत, आणि त्यावरून मुंग्यांची रांग अजून गेलेली नाही. मोजपट्टीने लांबी-रुंदी मिळते, वेळ मिळत नाही. वनखात्याच्या प्रशिक्षणात हे शिकवतात. तरी ज्याची जनावरे त्या वाटेने जातात त्याच्याइतके ते कोणाला मुरत नाही. अभयारण्यात चराईवर निर्बंध आले आणि गुराख्याचे नाते तक्रारीचे झाले, ही या रानाची मोठी हानी. गुरे आत नकोतच, ते बरोबर. माणूस मात्र बरोबर हवा होता.

दुसरी शिकण्याची जागा म्हणजे पाणवठा. एप्रिल-मेमध्ये ओढा आटतो, डोहांत थोडे पाणी उरते आणि खात्याने बांधलेल्या उथळ पाणवठ्यांत टँकरने पाणी सोडावे लागते. बुद्धपौर्णिमेच्या रात्री महाराष्ट्रातल्या अभयारण्यांत पाणवठ्यांवर मचाण बांधून प्राण्यांची नोंद घेण्याची पद्धत जुनी आहे. खात्याने अलीकडे तिला ‘निसर्गानुभव’ असे नाव दिले. याला शास्त्रीय गणना म्हणता येत नाही, एकच डुक्कर दोनदा पाणी प्यायला आले तर दोन म्हणून लिहिले जाते, हे सगळ्यांना माहीत असते. पण चांदण्यात बारा-पंधरा तास गप्प बसण्याची दुसरी शाळा नाही. पहिल्या दोन तासांत मच्छर आणि तहान एवढेच जाणवते. नंतर कान उघडतात. टिटवी कशासाठी ओरडते, वानराचा खोकल्यासारखा आवाज का निघतो, रातव्याचे ठकठक कुठून येते, हे वेगळे काढता यायला लागते. पाण्यावर येण्याची रीतही ठरलेली असते. डुकरांचा कळप धसमुसळेपणाने येतो, साळींदर काट्यांची खुळखुळ करीत येते, बिबट्या येतो तेव्हा आवाज येत नाही, उलट सगळे आवाज थांबतात. एका रात्री मचाणावरच्या दोघांनी पहाटेपर्यंत काहीच मोठे पाहिले नाही आणि नोंदवहीत ‘निरंक’ लिहिले. उजाडल्यावर खाली उतरले तर मचाणाच्या पायथ्याशी, शिडीला लागूनच, बिबट्याची ताजी पावले होती. तेव्हापासून त्या वहीत ‘निरंक’ऐवजी ‘दिसले नाही’ असे लिहिण्याची रीत पडली, आणि ती नेमकी आहे.

देवळापाशी प्रश्न वेगळे आहेत. माकडांना केळी, फुटाणे, बिस्किटे घालण्यात लोकांना पुण्य वाटते. काळतोंडी वानर हे मुख्यतः पाला खाणारे जनावर. त्याच्या पोटात पाला आंबवून पचवणारे वेगळे कप्पे असतात आणि साखर-मैद्याने ती व्यवस्थाच बिघडते. शिवाय हातातून घ्यायची सवय लागली की न दिल्यास हिसकावणे आलेच. मग तीच माणसे ‘माकडांचा बंदोबस्त करा’ म्हणून अर्ज देतात. फलक लावून फरक पडत नाही, दंडाच्या भीतीने थोडा पडतो. सर्वांत जास्त फरक पडलेला दिसतो तो देवळातल्या माणसांनी तोंडी सांगितल्यावर. खाकी कपड्यातल्या माणसाचे न ऐकणारी बाई पुजाऱ्याचे ऐकते. संरक्षणाच्या आराखड्यांत पुजारी कुठे नसतो. रामलिंगमध्ये तो हवा.

कायदा सोपा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाप्रमाणे अभयारण्यात शिरायला परवानगी लागते, शस्त्र नेता येत नाही, आग लावता येत नाही, झाड-पाला-जनावर यांपैकी काही तोडता-मारता-नेता येत नाही. देवदर्शनाची वहिवाट असल्याने देवळापर्यंत कोणी अडवत नाही. वाद होतो तो देवळापासून शंभर पावलांवर, झाडीत चूल मांडून स्वयंपाक करायला बसलेल्यांशी. ‘आमचा नवस आहे’ याला कलम दाखवून उत्तर देता येत नाही. मोकळ्या जागेत, पाण्याजवळ बसा, जाताना विस्तव विझवा, असे सांगून निभावते. त्यांच्यासमोर विझलेल्या राखेवर पाणी ओतून आत अजून निखारा कसा आहे ते दाखवले की पटते.

कारण वणवा हाच या रानाचा खरा शत्रू. फेब्रुवारीनंतर कुसळी, पवन्या, मारवेल ही सगळी गवते वाळून कडकडीत होतात. नवे गवत चांगले फुटावे म्हणून कडेला कोणी काडी लावतो, महामार्गावरून कोणी पेटती विडी फेकतो आणि वारा चढावर असेल तर आग माणसाच्या पळण्यापेक्षा वेगाने माथ्याकडे जाते. त्यासाठी हिवाळ्यातच जाळरेषा काढतात, म्हणजे ठरावीक रुंदीचा पट्टा आधीच कापून-जाळून मोकळा करतात. आग लागली की पाणी वर नेता येत नाही. हिरव्या फांद्यांनी झोडपणे, पुढे जाऊन उलटी आग लावणे, एवढेच हातात असते. रात्रभर झोडपून आलेल्या वनमजुराच्या पापण्यांचे केस जळालेले असतात. आगीनंतर आठवड्याने रान हिरवे दिसते म्हणून लोक म्हणतात, बघा, फायदाच झाला. पण जमिनीवर घातलेली तितराची, मोराची, टिटवीची अंडी, सरपटणारी बारीक जनावरे आणि दोन पावसाळे जगलेले धावड्याचे रोप, हे त्या हिरव्यात नसतात.

घाटाने वाहतुकीची तीन युगे पाहिली. आधी बैलांची वाट. मग एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याची अडीच फुटी बार्शी लाइट रेल्वे. ती १८९७ मध्ये कुर्डुवाडी-बार्शी सुरू झाली आणि रामलिंगचा घाट चढून १९११ मध्ये लातूरला पोचली. गाडी घाटात इतकी सावकाश चाले की उतरून सीताफळे तोडून पुन्हा चढता येई, असे जुनी माणसे सांगतात. यातली अतिशयोक्ती सोडली तरी त्या वेगाने जनावर मरत नव्हते हे खरे. २००८ मध्ये रुंद मार्ग झाला आणि गाडी धाराशिवमार्गे वळली. घाटात रेल्वेची शांतता झाली तोवर सोलापूरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा महामार्ग चौपदरी झाला. आता पहाटेच्या गस्तीत रस्त्याच्या कडेला मेलेले खोकड, उदमांजर, कोल्हा उचलणे हेही काम आहे. वेग शंभराचा असेल तर चालकाला खड्डा कळतो, कोल्हा कळत नाही.

एवढ्या लहान रानाचा उपयोग काय, हा प्रश्न अनेक वर्षे विचारला जाई, आणि वन्यजीवांत रस असलेलेही खांदे उडवत. शेजारच्या सोलापुरात माळढोक पक्ष्यासाठी १९७९ मध्ये ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य कागदावर आले, शेतकऱ्यांच्या खासगी जमिनीही त्यात गेल्या, बरीच वर्षे कटुता राहिली, शेवटी क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले आणि माळढोक तरी वाढला नाही. त्या मानाने रामलिंग लहान, वनखात्याच्याच जमिनीवर, म्हणून तंटे कमी. पण लहान म्हणजे निरुपयोगी, ही समजूत २०२४ च्या डिसेंबरात मोडली.

अभयारण्यातल्या एका स्वयंचलित कॅमेऱ्यात पट्टेरी वाघ आला. हे कॅमेरे जनावरांच्या वाटेवर, माणसाच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर, समोरासमोर जोडीने बांधतात, कारण वाघाच्या दोन कुशींवरचे पट्टे सारखे नसतात आणि ओळख पटवायला दोन्ही बाजू लागतात. पट्टे जुळवून पाहिले तेव्हा वाघ यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातला निघाला. साडेचारशे ते पाचशे किलोमीटरचा हा प्रवास. टिपेश्वरही मोठे नाही, १४८ चौरस किलोमीटर. तिथली तरुण नरपिढी जागा शोधत बाहेर पडते. २०१९ मध्ये असाच एक वाघ, ज्याला पुढे ‘वॉकर’ म्हणू लागले, शेकडो किलोमीटर फिरून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला होता, आणि २०२१ मध्ये आणखी एक गौताळा अभयारण्यात. पण सोयाबीन, ऊस आणि तुरीच्या शिवारांतून वाघ मराठवाड्याच्या या टोकाला येईल, असे कोणी म्हटले असते तर येरमाळ्याच्या चहाच्या टपरीवर त्याची टर उडाली असती.

त्या हिवाळ्याने सगळ्यांनाच कामाला लावले. गुरे मारली जाऊ लागली, धाराशिव आणि बार्शी तालुक्यांतल्या गावांत संध्याकाळी रस्ते ओस पडू लागले, उसाला रात्रीचे पाणी द्यायला कोणी जाईना. प्रत्येक बिबट्याचा ठसा वाघाचा झाला, आणि मोबाइलवर फिरणारी निम्मी छायाचित्रे भलत्याच राज्यांतली होती. वाघाला पकडून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात सोडायचे ठरले, जानेवारी २०२५ मध्ये ताडोबाहून पथक आले, बेशुद्ध करण्याच्या बंदुका आल्या, आठवडेच्या आठवडे शोध चालला, वाघ हाती लागला नाही. खुल्या रानात, आडोसा नसताना, एवढे मोठे जनावर सापडत नाही याचे बाहेरून आलेल्यांना नवल वाटले. रामलिंगमध्ये मचाणावर रात्री काढलेल्यांना वाटले नाही.

ज्यांनी इतकी वर्षे ठसे दाखवले होते त्यांना मात्र अचानक श्रोते मिळाले. गावोगावच्या बैठकांत वाघाचे पाऊल आणि बिबट्याचे पाऊल शेजारी आखून दाखवावे लागले : एक तळहाताएवढे रुंद, दुसरे त्याच्या दोन-तृतीयांश. याच वेळी हेही लक्षात आले की वाघ रामलिंगमध्ये राहायला आला, तो रामलिंग पुरेसे आहे म्हणून नाही. बावीस चौरस किलोमीटरमध्ये नर वाघाचे भागत नाही. तो दिवसा थांबायचा रामलिंगमध्ये आणि फिरायचा बालाघाटभर : खासगी माळ, गायरान, ओढ्यांच्या काठची झाडी, उसाचे फड. नकाशावर जे अभयारण्य आहे ते त्याचे विश्रांतीचे ठिकाण होते, वाट अभयारण्याबाहेरून जात होती. तेव्हापासून इथे काम करणाऱ्यांचे लक्ष कुंपणाच्या आतून बाहेर सरकले आहे. ओढ्याकाठची झाडी कोणी तोडली, गायरानावर कोणी नांगर घातला, याची विचारपूस आता गस्तीत होते. ती अधिकाराने नव्हे, ओळखीने होते.

बघायला जाणाऱ्याने जून अखेर ते फेब्रुवारी हा काळ धरावा. जूनमध्ये नवरंग आणि चातक येतात, ऑक्टोबरात गवत फुलावर असते, थंडीत पहाटेचे ठसे स्वच्छ मिळतात. गाडी देवळापाशी ठेवावी, रानात शिरण्याआधी येडशीच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात परवानगी घ्यावी, गावातलाच माणूस वाटाड्या म्हणून घ्यावा आणि त्याला त्याचे पैसे द्यावेत. माकडांना खाऊ घालू नये. जनावराने गाय-शेळी मारली असेल तर मृत जनावर हलवू नये, अठ्ठेचाळीस तासांच्या आत जवळच्या वनअधिकाऱ्याला कळवावे, पंचनामा झाला की भरपाई मिळते. वणवा, जखमी जनावर किंवा शिकारीची शंका असेल तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक लावावा.